छातीला किंवा मानेला शेक घेतलाय? रक्तवाहिन्या आणि हृदयाबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

स्तनाच्या, फुफ्फुसाच्या, अन्ननलिकेच्या किंवा तोंडाच्या कर्करोगासाठी रेडिएशन, म्हणजे बोलीभाषेतला ‘शेक’, घेणाऱ्यांचे आणि घेऊन झालेल्यांचे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. काही प्रश्न त्यांच्या मुला-मुलींचे आहेत, काही कॅथलॅबमध्ये, म्हणजे अँजिओग्राफी होते त्या खोलीत, काम करणाऱ्यांचे. माझं काम रेडिओथेरपीच्या प्लॅनिंगचं. कोणत्या अवयवाला किती डोस जाणार हे मी रोज स्क्रीनवर पाहतो, म्हणून एक गोष्ट मला फार खटकते. शेक संपले की ते कुठे आणि किती दिले याची नोंद फायलीतच राहते. दहा-पंधरा वर्षांनी त्याच माणसाच्या छातीत दुखू लागतं, तेव्हा समोरच्या हृदयरोगतज्ज्ञाला या शेकाची कल्पनाच नसते. हे पान बरंचसं त्यासाठी लिहिलं आहे.

मापांबद्दल एवढंच लक्षात ठेवा. उपचारातला डोस ‘ग्रे’मध्ये सांगतात, तपासण्यांमधला आणि कामाच्या जागेवरचा ‘मिलिसिव्हर्ट’मध्ये. एक्स-रेच्या बाबतीत सगळ्या शरीराला १ ग्रे डोस मिळाला तर तो १००० मिलिसिव्हर्ट होतो.

शेक स्तनाला दिला, मग हृदय मध्ये कुठून आलं?

हृदय छातीच्या मधल्या हाडामागे, किंचित डावीकडे असतं आणि त्याचा पुढचा भाग बरगड्यांच्या अगदी जवळ येतो. डाव्या स्तनाला शेक देताना किरण छातीला चाटून जातील असे तिरके सोडतात. तरी बरगड्यांच्या आतली एक अरुंद पट्टी त्यांच्या वाटेत सापडते, आणि हृदयाच्या पुढच्या बाजूने खाली उतरणारी डावी धमनी नेमकी त्याच पट्टीत असते. अँजिओग्राफीच्या रिपोर्टवर ‘एलएडी’ असं लिहिलेलं असतं ती हीच. हृदयाच्या मोठ्या भागाला रक्त पुरवणारी असल्यामुळे तिच्यातला अडथळा महागात पडतो.

उजव्या बाजूच्या शेकात हृदयाला जाणारा डोस बराच कमी असतो. मात्र छातीच्या हाडालगतच्या लसिकाग्रंथींनाही शेक द्यायचा असेल तर दोन्ही बाजूंना तो वाढतो. अन्ननलिका हृदयाच्या पाठीमागूनच जाते, त्यामुळे तिथल्या शेकात हृदयाला पूर्ण वगळणं जवळजवळ अशक्य असतं. हॉजकिन्स लिम्फोमासाठी, म्हणजे लसिकाग्रंथींच्या एका कर्करोगासाठी, काही दशकांपूर्वी मान, काखा आणि छातीचा मधला भाग मिळून एकच मोठं क्षेत्र घेत असत. त्या काळात तरुणपणी बरे झालेले रुग्ण आज साठीच्या आसपास आहेत, आणि शेकाचे हृदयावरचे परिणाम वैद्यकाला सर्वांत स्पष्टपणे दिसले ते त्यांच्यातच.

रक्तवाहिनीच्या पेशींना नेमकं काय होतं?

प्रत्येक रक्तवाहिनीला आतून फक्त एका पेशीच्या जाडीचं अस्तर असतं. त्याला एंडोथेलियम म्हणतात. निरोगी अस्तर सारवलेल्या जमिनीसारखं असतं, त्यावर काही चिकटून राहत नाही. ते सतत नायट्रिक ऑक्साइड तयार करतं. त्यामुळे रक्तवाहिनी सैल राहते, प्लेटलेट्स गोळा होत नाहीत आणि पांढऱ्या पेशी भिंतीला न चिकटता पुढे वाहत जातात.

शेकाचे किरण या पेशींतल्या डीएनएचे धागे तोडतात. शिवाय पेशीतल्या पाण्यापासून मुक्त कण (फ्री रॅडिकल्स) तयार होतात आणि तेही मोडतोड करतात. अवघ्या काही तासांत पेशीतली धोक्याची घंटा वाजते, म्हणजे ‘एनएफ कप्पा बी’ नावाचं प्रथिन जागं होतं आणि दाह वाढवणारी जनुकं चालू करतं. अस्तराच्या पृष्ठभागावर सिलेक्टिन, आयकॅम, व्हीकॅम असे चिकट रेणू उगवतात आणि जाणाऱ्या पांढऱ्या पेशींना धरून ठेवतात. नायट्रिक ऑक्साइड कमी होतं. गोठण्याला मदत करणारा व्हॉन विलब्रँड घटक जास्त सुटतो. पेशींमधल्या फटी रुंदावतात आणि रक्तातले पदार्थ भिंतीत झिरपू लागतात.

काही पेशी यात मरतात. माझ्या मते जास्त त्रासदायक असतात त्या न मरता म्हाताऱ्या होणाऱ्या पेशी. त्या विभागणं थांबवतात, त्यांना ऊर्जा पुरवणारे मायटोकॉन्ड्रिया नीट चालत नाहीत, आणि त्या वर्षानुवर्षं जागेवर बसून दाह वाढवणारे पदार्थ सोडत राहतात. शेक काही आठवड्यांत संपतो, पण ही धुसफूस पुढे कित्येक वर्षं चालू राहते. परिणाम उशिरा दिसण्याचं एक मोठं कारण हे आहे.

पुढची वाट रक्तवाहिनी किती मोठी आहे त्यावर ठरते. मोठ्या धमन्यांमध्ये झिरपलेलं कोलेस्टेरॉल पांढऱ्या पेशी गिळतात, फुगतात आणि तिथेच थर साचतो. हा थर नेहमीच्या हृदयविकारातल्यासारखाच असतो, फक्त तो लवकर वाढतो आणि त्यात दाह जास्त असतो. केशवाहिन्यांचं तसं नाही. त्यांची भिंत म्हणजे जवळजवळ फक्त हे अस्तर. ते गेलं की केशवाहिनीच बंद होते.

हृदयाचा स्नायू तर शेकाला दाद देत नाही असं वाचलं. मग तो का बिघडतो?

वाचलेलं बरोबर आहे. हृदयाच्या स्नायूपेशी सहसा विभागत नाहीत आणि म्हणून त्या शेकाने सहजासहजी मरत नाहीत. पण त्यांना प्राणवायू मिळतो तो भोवतीच्या केशवाहिन्यांतून. १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला फाहार्दो आणि स्ट्युअर्ट या संशोधकांनी सशांच्या हृदयाला शेक देऊन हा क्रम दाखवून दिला: आधी केशवाहिन्यांचं अस्तर सुजतं आणि तुटतं, मग केशवाहिन्या विरळ होतात, आणि नंतर स्नायूच्या जागी तंतुमय चट्टे तयार होतात. स्नायू उपाशी राहिल्यामुळे बिघडतो. त्यामुळे हृदय नीट आकुंचन पावत असलं तरी कडक होतं, सैल होऊन भरायला वेळ घेतं आणि जिना चढताना दम लागतो. साध्या इकोमध्ये, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीत, ‘पंपिंग ५५ टक्के, नॉर्मल’ असं लिहिलेलं असूनही दम लागत असेल तर हे कारण डोक्यात ठेवावं लागतं.

त्रास किती वर्षांनी होतो?

एकच उत्तर नाही. हृदयाभोवतीच्या आवरणाला सूज आली तर ती शेक चालू असताना किंवा पुढच्या काही महिन्यांत येते. हृदयाला कमी डोस जाईल असं प्लॅनिंग होऊ लागल्यापासून ती क्वचितच दिसते. धमन्यांचे अडथळे पहिल्या पाच वर्षांतही सुरू होऊ शकतात आणि धोका वीस वर्षांनंतरही टिकतो. झडपा जाड होणं, त्यांच्यात कॅल्शियम साचणं हे सहसा दहा ते वीस वर्षांनंतरचं दुखणं. ठोक्यांचा विद्युतमार्ग बिघडून पेसमेकर लागण्याची वेळही काहींवर येते.

म्हणून ‘पाच वर्षं झाली, आता सुटलो’ हे कर्करोगाच्या बाबतीत बऱ्याचदा म्हणता येतं, हृदयाच्या बाबतीत नाही.

धोका किती? आकड्यांत सांगा.

सर्वांत जास्त वापरला जाणारा अभ्यास २०१३ साली सारा डार्बी आणि सहकाऱ्यांनी प्रसिद्ध केला. १९५८ ते २००१ या काळात स्वीडन आणि डेन्मार्कमध्ये स्तनाच्या कर्करोगासाठी शेक घेतलेल्या २१६८ स्त्रियांची माहिती त्यात होती. हृदयाला मिळालेला सरासरी डोस ४.९ ग्रे होता. डाव्या बाजूला शेक असेल तर ६.६, उजव्या बाजूला असेल तर २.९. सरासरी डोस दर १ ग्रेने वाढला की हृदयविकाराच्या मोठ्या घटनांचं प्रमाण ७.४ टक्क्यांनी वाढत होतं, आणि ‘याच्या खाली अजिबात धोका नाही’ अशी कोणतीही रेषा त्यांना दिसली नाही.

७.४ टक्के वाचून धडकी भरते, म्हणून हा आकडा एकटा कुणाला सांगू नये. तो मूळ धोक्यावरचा वाढावा आहे. त्याच अभ्यासातलं उदाहरण घ्या. पन्नाशीची बाई आहे, हृदयविकाराची इतर कोणतीही कारणं नाहीत, हृदयाला सरासरी ३ ग्रे डोस गेला. ऐंशी वर्षांच्या आत हृदयविकाराने मृत्यू येण्याची तिची शक्यता १.९ टक्क्यांवरून २.४ टक्क्यांवर जाते, म्हणजे दोनशे जणींमध्ये एक जास्त. पण जिला आधीच मधुमेह आहे, रक्तदाब आहे, किंवा आधी अटॅक येऊन गेला आहे, तिचा मूळ धोकाच मोठा असतो. मग तोच ७.४ टक्के वाढावा तिच्या बाबतीत बराच जड होतो.

मग आईने शेक नको म्हणावं का? ती फार घाबरली आहे.

नाही. हे मी अगदी स्पष्टपणे सांगतो, कारण अर्धवट वाचून शेक अर्ध्यावर सोडणारे लोक पाहिले आहेत. गाठीपुरती शस्त्रक्रिया केल्यावर शेक दिला तर दहा वर्षांत कर्करोग परतण्याचं प्रमाण सुमारे ३५ टक्क्यांवरून १९ टक्क्यांवर येतं, आणि पंधरा वर्षांत स्तनाच्या कर्करोगाने होणारे मृत्यू २५.२ वरून २१.४ टक्क्यांवर येतात. दहा हजारांहून जास्त स्त्रियांच्या एकत्रित माहितीवरून हे २०११ साली पुढे आलं. हृदयाचा वरचा अर्धा टक्का जादा धोका या आकड्यांशेजारी ठेवून पाहा.

आईंनी शेक घ्यावा की नाही यावर घरात डोकं शिणवण्यापेक्षा, त्यांच्या हृदयाला किती डोस जाणार आहे हे डॉक्टरांना विचारा. ‘मीन हार्ट डोस किती आहे?’ एवढा एक प्रश्न पुरतो. तो आकडा प्रत्येक प्लॅनमध्ये असतो आणि विचारणाऱ्याला सांगायला कुणाची हरकत नसावी.

हृदय वाचवण्यासाठी आता काय करतात?

सर्वांत गुणकारी उपाय फार साधा आहे: खोल श्वास घेऊन रोखून धरणं. फुफ्फुसं हवेने भरली की छाती आणि पोट यांमधला पडदा खाली जातो, हृदय आत आणि खाली सरकतं, आणि छातीची भिंत पुढे येते. बरगड्या आणि हृदय यांच्यात फट पडते आणि किरण त्या फटीतून जातात.

प्रत्यक्षात ते असं होतं. बाई उतरत्या बोर्डवर पाठीवर झोपतात, दोन्ही हात डोक्यावर टेकवलेले. पोटाच्या वरच्या भागावर एक छोटी ठोकळी ठेवतात किंवा छतावरचा कॅमेरा छातीची हालचाल टिपतो. टेक्निशियन बाहेरून स्पीकरवर सांगतो, ‘श्वास घ्या… अजून… आता धरा.’ समोरच्या छोट्या पडद्यावर एक पट्टी वर चढत हिरव्या चौकटीत शिरते. ती चौकटीत असेपर्यंतच मशीन चालू राहतं. श्वास सुटला, खोकला आला, की किरण आपोआप थांबतात. असा साधारण वीस सेकंदांचा श्वास काही वेळा धरायचा. प्लॅनिंगच्या सीटीआधी आठवडाभर घरी घड्याळ लावून सराव केला तर सत्तरीच्या आज्यांनाही ते जमतं. गडबड होते ती छातीऐवजी खांदे उचलल्याने किंवा पाठ कमानीसारखी वर घेतल्याने, तेवढं टाळा. अनेकींमध्ये हृदयाचा डोस यामुळे निम्म्यावर येतो.

श्वास धरणं जमत नसेल तर काहींना पोटावर झोपवून शेक देतात. मशीन कोबाल्टचं (किरणोत्सारी स्रोत असलेलं) आहे की लिनॅक (विजेवर किरण तयार करणारं) आहे यावर लोक खूप चर्चा करतात. मशीनचा फरक पडतो हे खरं, पण सीटीवर नीट आखलेलं प्लॅनिंग आहे की नाही याला मी जास्त महत्त्व देतो.

प्रोटॉन किरण ठरावीक खोलीवर थांबतात, त्यामुळे त्यामागच्या भागाला डोस जवळजवळ जात नाही. भारतात ही सोय २०१९ साली चेन्नईत सुरू झाली आणि २०२३ साली नवी मुंबईत खारघरला टाटा स्मारक केंद्राच्या अॅक्ट्रेकमध्ये. पण ती प्रत्येकाला लागत नाही. लहान मुलं, छातीच्या मध्यभागी असलेल्या गाठी, दुसऱ्यांदा शेक द्यायची वेळ आलेले रुग्ण अशांना तिचा फायदा जास्त.

बाबांना जिभेच्या कर्करोगासाठी मानेला शेक दिला. त्यांच्या हृदयाला काही होणार नाही ना?

हृदयाला थेट काही नाही. पण मानेच्या दोन्ही बाजूंनी मेंदूकडे रक्त नेणाऱ्या कॅरोटिड धमन्या त्या शेकात पूर्ण सापडतात, आणि तिथे डोस काही ग्रे नसतो, तर ५० ते ७० ग्रे असतो. वर सांगितलेलं अस्तराचं सगळं दुखणं तिथे जोरात होतं. शिवाय या धमन्यांच्या भिंतीला रक्त पुरवणाऱ्या बारीक वाहिन्याही बंद पडतात, त्यामुळे भिंत बाहेरूनही कडक होते. काही वर्षांनी अडथळा तयार होऊन पक्षाघाताचा धोका वाढतो.

आपल्याकडे या प्रश्नाला मोठं महत्त्व आहे. तंबाखू, गुटखा, सुपारीमुळे तोंडाच्या कर्करोगाचे रुग्ण महाराष्ट्रात भरपूर आहेत आणि त्यांतले पुष्कळ जण चाळिशी-पन्नाशीतले आहेत. ते बरे होऊन पुढे वीस-पंचवीस वर्षं जगणार आहेत. स्तनाच्या शेकात आम्ही हृदयाचा ग्रे-ग्रे मोजतो, आणि मानेच्या शेकानंतर कॅरोटिडची साधी सोनोग्राफी कुणी सांगतही नाही. हे बदलायला हवं असं मला मनापासून वाटतं.

आणखी दोन गोष्टी बघा. मानेच्या शेकाने थायरॉइड मंदावण्याचं प्रमाण बरंच आहे. थायरॉइड मंदावलं की कोलेस्टेरॉल वाढतं आणि धमन्यांचं नुकसान आणखी भरभर होतं. म्हणून सहा महिन्यांनी-वर्षाने टीएसएच, म्हणजे थायरॉइडची रक्ततपासणी, करून घ्या. दुसरं असं की कॅरोटिडच्या फाट्यावर रक्तदाबावर लक्ष ठेवणारे संवेदक असतात. त्यांना इजा झाली तर बीपी दिवसातून कधी एकदम चढतं, उभं राहिल्यावर एकदम पडतं. अशा माणसाला दवाखान्यातल्या एका रीडिंगवरून गोळ्या वाढवून दिल्या तर तो चक्कर येऊन पडतो. घरी बसून आणि उभं राहून घेतलेली रीडिंग्ज लिहून न्या.

शेकानंतर थोडी तंबाखू किंवा मिश्री चालेल का?

नाही. तंबाखूचा धूर त्याच अस्तरावर, त्याच पद्धतीने घाव घालतो. २०१७ साली आलेल्या मोठ्या विश्लेषणात, आजच्या काळातल्या डोसचा विचार करता, स्तनाच्या शेकामुळे पुढे हृदयविकाराने मृत्यू येण्याचा जादा धोका सिगारेट न ओढणाऱ्यांमध्ये सुमारे ०.३ टक्के होता, आणि ओढत राहणाऱ्यांमध्ये सुमारे १ टक्का. फुफ्फुसाच्या कर्करोगाचा जादा धोका तर ०.३ वरून ४ टक्क्यांवर गेला.

मिश्रीबद्दल बायका सांगतच नाहीत, कारण ती दात घासण्यात धरली जाते. मिश्री ही भाजलेली तंबाखूच आहे. तिच्यातलं निकोटिन हिरड्यांमधून रक्तात जातं, नाडी आणि रक्तदाब वाढवतं. डॉक्टरांनी ‘तंबाखू खाता का?’ विचारल्यावर ‘नाही’ म्हणणाऱ्या आईला ‘मिश्री लावता का?’ असं वेगळं विचारावं लागतं.

केमोसुद्धा झाली आहे. धोका दुप्पट होतो का?

कोणती केमो यावर आहे. लाल रंगाचं डॉक्सोरुबिसिन थेट हृदयाच्या स्नायूला इजा करू शकतं, आणि स्तनाच्या काही कर्करोगांवर देतात त्या ट्रास्टुझुमॅब या औषधाने पंपिंग उतरू शकतं, जे बऱ्याचदा परत सुधारतं. शेक केशवाहिन्या विरळ करतो आणि डॉक्सोरुबिसिन स्नायू दुबळा करतं, म्हणून दोन्ही मिळाले असतील तर हृदयाची तपासणी जास्त काळजीने करतात. औषधाचा एकूण डोस डिस्चार्ज कार्डवर असतो. तो नोंदून ठेवा.

एक्स-रे, सीटी, अँजिओग्राफी करून करून हृदय बिघडेल का?

छातीच्या एक्स-रेचा डोस साधारण ०.०२ ते ०.१ मिलिसिव्हर्ट, छातीच्या सीटीचा ५ ते ७, अँजिओग्राफीचा बहुधा ५ ते १०, आणि अवघड अँजिओप्लास्टीचा त्याहून जास्त. जमीन, हवा आणि आकाशातून प्रत्येकाला वर्षाला सरासरी २.४ मिलिसिव्हर्ट मिळतातच. हृदयाच्या धमन्यांत अडथळा असल्याचा संशय असताना या कारणासाठी अँजिओग्राफी टाळणं चूक आहे. मात्र दोन दवाखान्यांत तोच सीटी दोनदा करू नका, जुनी सीडी सोबत न्या.

कॅथलॅबमध्ये रोज काम करतो. आम्हाला किती काळजी?

कामगारांसाठी अणुऊर्जा नियामक मंडळाची मर्यादा पाच वर्षांत १०० मिलिसिव्हर्ट, म्हणजे वर्षाला सरासरी २०, आणि कोणत्याही एका वर्षात ३०. शिशाचा अॅप्रन, थायरॉइड कॉलर आणि छतावरून लोंबणारी काच वापरणाऱ्या माणसाचा डोस यापेक्षा खूप खाली राहतो. बीएआरसीत विकसित झालेल्या टीएलडी या डोस मोजणाऱ्या बॅजवरून तीन महिन्यांचा डोस कळतो, पण तो बॅज अॅप्रनच्या आत, छातीवर लावला असेल तरच. खुंटीवरच्या अॅप्रनला अडकवून ठेवलेले बॅज मी पाहिले आहेत. त्यावरून माणसाबद्दल काहीच कळत नाही.

विखुरलेले किरण रुग्णाच्या शरीरातून येतात. अंतर दुप्पट केलं की डोस साधारण पाव होतो, म्हणून एक्स-रे चालू असताना एक पाऊल मागे घेणं हे फुकटचं आणि उत्तम संरक्षण आहे.

कमी डोसनेही हृदयविकार होतो, हे खरं की अफवा?

मध्यम डोसला होतो हे नक्की. त्याखालचं चित्र अजून धूसर आहे. हिरोशिमा-नागासाकीतून वाचलेल्या ८६,६११ लोकांचा १९५० ते २००३ असा मागोवा घेतला गेला. दर १ ग्रेमागे हृदयविकाराने मृत्यूचं प्रमाण सुमारे १४ टक्क्यांनी आणि पक्षाघाताने सुमारे ९ टक्क्यांनी वाढलेलं दिसलं. पण हे अर्ध्या ग्रेच्या वर स्पष्ट दिसतं, त्याखाली ठामपणे नाही. रशियात उरल पर्वताजवळ मायाक इथे १९४८पासून प्लुटोनियम बनवणाऱ्या कामगारांमध्येही डोस आणि रक्ताभिसरणाचे आजार यांचं नातं आढळलं. हे सगळं पाहून आंतरराष्ट्रीय किरणोत्सर्ग संरक्षण आयोगाने २०१२ साली हृदय आणि मेंदूच्या रक्तवाहिन्यांसाठी ०.५ ग्रे हा सावधगिरीचा उंबरठा धरला.

गंमत अशी की अगदी कमी डोसला अस्तराच्या पेशी उलट वागतात. प्रयोगशाळेत ०.१ ते ०.५ ग्रे दिल्यावर पांढऱ्या पेशी अस्तराला कमी चिकटताना दिसल्या. जर्मनीत दुखऱ्या सांध्यांना थोडा शेक देण्याची पद्धत आहे, तिचं स्पष्टीकरण यातून दिलं जातं. मोठ्या डोसचा धोका भागाकार करून लहान डोसला लावणं म्हणूनच इतकं सोपं नाही.

मोबाइल टॉवरचं काय?

त्या लहरी वेगळ्या. त्यांच्यात डीएनए तोडण्याएवढी ऊर्जा नसते. या पानावरचं काहीही त्यांना लागू होत नाही.

हृदयालाच मुद्दाम रेडिएशन देतात असं ऐकलं, ते कसं?

दोनदा झालं आहे. पहिल्यांदा २०००च्या सुमाराला, स्टेंटमध्ये पुन्हा वाढणारं मांस रोखण्यासाठी धमनीत किरणोत्सारी स्रोत काही मिनिटं ठेवत. मांस वाढायचं थांबलं, पण अस्तरही भरून येईना. उघड्या स्टेंटवर काही महिन्यांनंतर गुठळ्या होऊ लागल्या, आणि औषधलेपित स्टेंट आल्यावर ही पद्धत मागे पडली. अस्तर किती मोलाचं आहे हे त्यातून चांगलंच कळलं. दुसरी पद्धत नवी आहे. २०१७ साली अमेरिकेतल्या सेंट लुइसमध्ये, औषधांना न जुमानणाऱ्या जीवघेण्या धडधडीच्या पाच रुग्णांना हृदयाच्या छोट्या भागावर एकाच वेळी २५ ग्रे दिले गेले आणि धडधडीचे झटके खूप कमी झाले. ती अजून मोजक्या रुग्णांपुरतीच आहे.

अस्तर पूर्ववत करणारं औषध आहे का?

खास या कामासाठी सिद्ध झालेलं औषध नाही. स्टॅटिन (कोलेस्टेरॉल कमी करणाऱ्या गोळ्या) आणि बीपीच्या काही गोळ्यांनी प्राण्यांमध्ये नुकसान कमी झालं आहे. तुमचं कोलेस्टेरॉल, साखर किंवा बीपी वाढलेलं असेल तर या गोळ्या तशाही घ्यायच्याच आहेत, आणि शेक झाला असेल तर चालढकल न करता. शेक चालू असताना अँटिऑक्सिडंटच्या मोठ्या डोसच्या गोळ्या मात्र स्वतःच्या मनाने सुरू करू नका. किरण मुक्त कणांच्या मदतीनेच कर्करोगाच्या पेशी मारतात. रोजच्या जेवणातली फळं आणि भाज्या खुशाल खा.

कोणती लक्षणं दुर्लक्षित करू नयेत?

चढावर नव्याने दम लागणं, उताणं झोपल्यावर श्वास कोंडणं, पायाला सूज, चक्कर, छातीत दडपण. शेकाने हृदयाच्या संवेदना नेणाऱ्या मज्जातंतूंनाही इजा होऊ शकते, त्यामुळे काहींना अडथळा असूनही छातीत कळ येत नाही, फक्त थकवा येतो. वय फक्त पंचेचाळीस आहे म्हणून ‘अॅसिडिटी असेल’ असं कुणी म्हटलं, तर लहानपणी किंवा तरुणपणी छातीला शेक झाल्याचं आवर्जून सांगा.

तपासण्या कधी आणि कोणत्या? कोणता कागद जपायचा?

रक्तदाब, साखर, कोलेस्टेरॉल दरवर्षी, हे सगळ्यांनाच. हृदयाला सरासरी १५ ग्रेपेक्षा जास्त डोस गेला असेल तर त्रास नसतानाही पाचव्या वर्षापासून पुढे ठरावीक वर्षांनी इको आणि धमन्यांची तपासणी करण्याकडे तज्ज्ञांचा कल असतो. त्याहून खूप कमी डोस असेल तर एवढं सगळं लागत नाही, आणि उगाच तपासण्यांचा सपाटाही लावू नये.

कागदाचं नाव ‘रेडिओथेरपी समरी’ किंवा ‘ट्रीटमेंट कम्प्लिशन रिपोर्ट’. त्यावर शरीराचा भाग, एकूण डोस, किती दिवसांत, सुरू आणि संपल्याची तारीख असते. मीन हार्ट डोस बहुधा नसतो. तो पेनाने लिहून मागा, डोस-व्हॉल्यूमच्या आलेखाची (अवयवाच्या किती भागाला किती डोस गेला ते दाखवणाऱ्या) प्रत मिळाली तर उत्तम. फोटो काढून मुलांच्या फोनमध्येही ठेवा. जुनी फाइल हरवली असेल तर ज्या दवाखान्यात शेक झाला तिथल्या रेडिओथेरपी विभागात केस नंबर घेऊन जा. अगदी जुन्या नोंदी सापडत नाहीत, म्हणून हे काम आज करा.

शेक झालेल्या छातीवर पुढे बायपास किंवा झडपेचं ऑपरेशन लागलं तर?

होतं, पण सर्जनला आधीपासून माहीत असायला हवं. चट्ट्यांमुळे ऊती एकमेकींना चिकटलेल्या असतात, हाड आणि जखम सावकाश भरतात. बायपाससाठी छातीच्या भिंतीतली जी धमनी सर्वांत आधी निवडतात ती शेकाच्या क्षेत्रात आलेली असू शकते, म्हणून वापरण्याआधी तिच्यातला प्रवाह तपासतात. धमनीतला अडथळा अँजिओप्लास्टीने सुटत असेल तर बऱ्याचदा तिकडे कल असतो. महाधमनीची झडप बदलायची असेल तर छाती न उघडता मांडीतून बसवण्याची पद्धत अशा रुग्णांसाठी खास विचारात घेतात. हे सगळं ठरवणाऱ्या बैठकीत हृदयरोगतज्ज्ञ, सर्जन आणि भूल देणारे डॉक्टर असतातच. तुमच्या शेकाचा कागद घेऊन रेडिएशन ऑन्कॉलॉजिस्टनाही बोलवायला सांगा.